आत्ययिक हॉर्मोन चिकित्सा
प्राणावर बेतलेल्या प्रसंगी रुग्णास शरीरातील एखादे हॉर्मोन किंवा त्यासारखे संश्लेषित द्रव्य औषध म्हणून देण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. या चिकित्सेचे दोन प्रकार वेगळे ओळखणे अगत्याचे आहे. पहिल्यात शरीरात कमी पडलेले हॉर्मोन भरून काढतात. दुसऱ्यात हॉर्मोनाचा एखादा गुणधर्म, नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी अधिक मात्रा देऊन, उपयोगात आणतात. पहिल्याची उपयुक्तता निर्विवाद आहे; दुसऱ्याविषयीचा अनुभव संमिश्र आहे.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावाचा तीव्र अभाव. यात रक्तदाब एकाएकी उतरतो, वांत्या होतात आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. प्रौढास १०० मिग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन नीलेतून किंवा स्नायूत टोचतात व त्याबरोबर लवणद्राव देतात. नुसत्या संशयावरूनही हा उपचार सुरू करावा, रक्ततपासणीसाठी थांबू नये, असा संकेत आहे. दमा, संधिवात इत्यादींसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड गोळ्या घेणाऱ्याने त्या अचानक बंद केल्यास हीच अवस्था येऊ शकते. ही गोष्ट रुग्णांना पुरेशी सांगितली जात नाही. मधुमेहजन्य अम्लरक्ततेत दिले जाणारे इन्शुलिनही याच प्रकारात मोडते.

दुसऱ्या प्रकारात ॲड्रेनॅलीन अग्रस्थानी आहे. हे हॉर्मोन १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने यांनी शुद्ध स्वरूपात मिळविले. मधमाशीचा दंश, पेनिसिलीन किंवा एखादा खाद्यपदार्थ यांमुळे उद्भवणाऱ्या ॲनाफायलॅक्सिस या तीव्र प्रतिक्रियेत रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनॅलीन या दोन्ही क्रिया उलटविते. प्रौढास ०·५ मिग्रॅ. मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात व गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. हिस्टामीनरोधी औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

हृदयक्रिया बंद पडल्यावर मात्र त्याच ॲड्रेनॅलिनाचे चित्र बदलते. ब्रिटनमध्ये सुमारे ८,००० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीस दिवसांनंतर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण ॲड्रेनॅलीन दिलेल्यांत ३·२ टक्के, तर न दिलेल्यांत २·४ टक्के आढळले. परंतु वाचलेल्यांपैकी मेंदूस गंभीर हानी पोहोचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३१ व १७·८ टक्के होते. हृदय पुन्हा चालू होणे आणि माणूस पूर्ववत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

डोक्याच्या इजेत हॉर्मोनांकडून सर्वांत मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडे देण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. सुमारे १०,००० रुग्णांचा समावेश असलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२००४) मेथिलप्रेड्निसोलोन दिलेल्यांपैकी २१·१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. औषधविरहित गटात हे प्रमाण १७·९ टक्के होते. चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली आणि तो प्रघात त्याज्य ठरला.

यानंतर लक्ष प्रोजेस्टेरोनाकडे वळले. मेंदूस सारखीच इजा झालेल्या उंदरांत माद्या नरांपेक्षा लवकर सुधारतात, या निरीक्षणावरून अमेरिकेतील डोनाल्ड स्टाइन यांनी या हॉर्मोनाच्या संरक्षक गुणाचा पाठपुरावा केला होता. अटलांटा येथील १०० रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत (२००७) मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी दिसले. तथापि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत ८८२ व दुसरीत १,१९५ रुग्ण असूनही, काहीच लाभ आढळला नाही. प्रयोगशाळेतील उंदरांची इजा एकाच ठिकाणी व एकाच प्रमाणात केलेली असते. अपघातग्रस्तांत रक्तस्राव, सूज, वय आणि इतर जखमा यांचे मिश्रण असते, हे या अपयशाचे एक संभाव्य कारण मानले जाते.

अशा संशोधनात संमतीचा प्रश्नही बिकट असतो. रुग्ण बेशुद्ध असतो, नातेवाईक जवळ नसतात आणि औषध काही तासांतच द्यावे लागते. ८८२ रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीत इजेपासून चार तासांच्या आत औषध सुरू करावयाचे होते; म्हणून तेथील केंद्रीय नियमांनुसार, स्थानिक जनतेशी आधी विचारविनिमय करून, पूर्वसंमतीविना रुग्ण समाविष्ट करण्याची मुभा देण्यात आली होती.