जुनी प्रश्नपत्रिका नाही, मग अभ्यास कसा करावा?

दिवाळीचा सुमार आला की भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकदमच अंगावर येतात. बांध्यांतले धान कापणीला येते आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही तोंडावर येते. लाखांदूर, पवनी, मोहाडीकडच्या खेड्यांतून एस. टी.ने येणारा मुलगा सकाळी वर्गात असतो नि दुपारी शेतात. मुलींच्या वाट्याला शेताबरोबर घरची चूलही असते. वेळ थोडा आणि पुस्तक जाड. अशा वेळी शिक्षक भेटला की विद्यार्थी एकच प्रश्न विचारतो, "सर, मागच्या वर्षीचा पेपर आहे का?" या प्रश्नाला अलीकडे पुष्कळदा असे उत्तर द्यावे लागले आहे, "नाही रे बाबा, मागच्या वर्षी हा पेपरच नव्हता!"

असे का झाले, ते आधी पाहू. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून नव्याने आखला गेला. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानपरंपरा अशी सारी मांडणीच बदलली. पहिली तुकडी पुढच्या वर्गात गेली की त्या वर्गाचाही अभ्यासक्रम बदलतो. म्हणजे या तुकडीला दरवर्षी कोऱ्या पाटीवरच बसावे लागते. तिच्या पुढे कोणी गेलेलेच नसते, मग जुनी प्रश्नपत्रिका येणार कुठून?

एरवीदेखील खेड्यातल्या विद्यार्थ्याला ती सहज मिळते असे नाही. शहरात वरच्या वर्गातले मित्र असतात, शिकवणीचे वर्ग असतात. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याने पेपर कुणाकडे मागावा? पहिल्या सत्रातच दोन विषय राहिले की "हे आपलं काम नव्हे" असे म्हणून पुस्तके बाजूला ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. परीक्षा काय मागते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा विषय मला केवळ गुणांचा वाटत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. ती तेव्हा शिकवत नसत. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे ते पदवीधर. या चौघांनी कोणाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या असतील? त्यांच्याआधी त्या परीक्षेला कोणी बसलेच नव्हते! आपल्याकडे ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षार्थींचीही हीच स्थिती. तेव्हा पहिल्या तुकडीची अडचण काही नवी नाही.

आता तुम्ही म्हणाल, "सर, ती मोठी माणसं. आमचं काय?" बरोबर आहे. म्हणून मुळातच विचारू, की जुनी प्रश्नपत्रिका आपल्याला देते तरी काय? ती तीन गोष्टी देते. कोणत्या भागाला किती वजन आहे, प्रश्न कोणत्या भाषेत विचारतात आणि ठरलेल्या वेळात किती लिहावे लागते. या तीन गोष्टी दुसरीकडून मिळाल्या तर जुन्या पेपरावाचून आपले फारसे अडणार नाही. आणि त्या मिळतात.

पहिली गोष्ट वजनाची. ती अभ्यासक्रमातच लिहिलेली असते. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही मागता येतो. पण पुष्कळ विद्यार्थी पुस्तक विकत घेतात आणि अभ्यासक्रम शेवटपर्यंत पाहत नाहीत. हे सातबारा न पाहता शेत घेण्यासारखे झाले. नव्या पद्धतीत प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात, आणि व्याख्यानाच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. दोन श्रेयांकांचा विषय तीस तासांचा, चार श्रेयांकांचा साठ तासांचा. चार घटक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पंधरा तास येतात. ज्या घटकाला जितके तास, तितकेच त्याचे प्रश्नपत्रिकेत वजन असणार, असा अंदाज सहसा चुकत नाही. पुष्कळ अभ्यासक्रमांच्या शेवटी प्रश्नपत्रिकेचा आराखडाही छापलेला असतो. किती प्रश्न, कोणत्या घटकावर, पर्याय कुठे, अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण, हे सारे त्यात असते. तो एका कागदावर उतरवून भिंतीला लावा.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या भाषेची. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हाती तुमच्या वर्गातली वही नसते. त्याच्यासमोर अभ्यासक्रम आणि आराखडा असतो. मग तो काय करतो? अभ्यासक्रमातली एक ओळ उचलतो आणि तिच्यापुढे एक क्रियापद ठेवतो. सांगा, स्पष्ट करा, तुलना करा, कारणे द्या, परीक्षण करा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शिकण्याच्या अशा पायऱ्या मांडल्या. आठवणे, समजणे, वापरणे, उकलून पाहणे, जोडणे आणि मोल ठरवणे, अशी त्यांची चढण आहे. अभ्यासक्रमाच्या आरंभी "हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला अमुक करता येईल" अशी जी वाक्ये असतात, ती याच पायऱ्यांवर बेतलेली असतात. आपण ती वाक्ये ओलांडून पुढे जातो, आणि प्रश्न बहुधा तिथेच दडलेला असतो.

उदाहरण घेऊ. इतिहासाच्या अभ्यासक्रमात "प्राचीन विदर्भ : धर्म व समाजजीवन" अशी ओळ आहे असे समजा. पुस्तक मिटा आणि या एका ओळीचे चार प्रश्न करा. पहिला माहितीचा : प्राचीन विदर्भाच्या इतिहासाची साधने कोणती? दुसरा कारणांचा : बौद्ध धर्माचा प्रसार येथे का झाला? तिसरा तुलनेचा : शिलालेख आणि नाणी यांपैकी कोणते साधन काय सांगते? चौथा परीक्षणाचा : केवळ उत्खननावरून समाजजीवन कितपत कळते? आता उत्तरासाठी फार लांब जायला नको. वैनगंगेकाठच्या आपल्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मिळून उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली स्तूप सापडला आणि दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेले दगड मिळाले. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. दान देणाऱ्याचे नाव दगडावर का कोरत असतील, एवढाच विचार केला तरी चौथ्या प्रश्नाची अर्धी तयारी झाली.

अर्थशास्त्र किंवा भूगोल घेणाऱ्यांनी "सिंचनाची साधने" ही ओळ घ्यावी. आपल्या जिल्ह्यातले मालगुजारी तलाव घडवण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. मालगुजारी नाहीशी करणारा कायदा १९५० चा. तो १९५१ मध्ये अमलात आला आणि तलाव सरकारकडे गेले. दुसरीकडे पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. गावच्या तलावाची पाळ कोण राखतो, पाटाचे पाणी कुणाला आधी मिळते आणि धरणाचे पाणी कोण सोडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला "लहान व मोठ्या सिंचन योजनांची तुलना करा" या प्रश्नाची भीती का वाटावी? पुस्तकातली व्याख्या पाठ असली पाहिजे, यात शंका नाही. पण व्याख्येच्या पुढे दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असल्या, की उत्तर इतरांपेक्षा वेगळे दिसते.

तिसरी गोष्ट वेळेची. इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. वाचतो, पुन्हा वाचतो, ओळींखाली रेघा मारतो आणि आले म्हणून समाधान मानतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. नंतर काही उताऱ्यांचे पुन्हा वाचन करायला लावले आणि काहींच्या बाबतीत, न पाहता आठवेल ते लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचलेलेच पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यातले सुमारे ४२ टक्के आठवले आणि न पाहता लिहिलेल्यातले ५६ टक्के. परीक्षा काही वाचनानंतर पाच मिनिटांनी नसते. म्हणून एक घटक वाचून झाला की पुस्तक मिटावे, घड्याळ समोर ठेवावे, आपणच काढलेला एक प्रश्न घ्यावा आणि परीक्षेत जेवढा वेळ मिळणार तेवढ्याच वेळात उत्तर लिहावे. मग पुस्तक उघडून काय सुटले ते लाल शाईने भरावे. ज्यांना शेतातून वेळ मिळत नाही, त्यांनी रात्री एकच उत्तर लिहावे. सहा आठवड्यांत बेचाळीस उत्तरे होतात.

हे काम दोघांनी मिळून केले तर अधिक चांगले. एका बसने येणारे दोघे-तिघे असालच. प्रत्येकाने एका घटकाचा पेपर काढावा आणि दुसऱ्याला सोडवायला द्यावा. पेपर काढताना कळते की कोणता भाग आपल्याला समजलेलाच नाही, कारण ज्याचा प्रश्न करता येत नाही त्याचे उत्तरही येत नाही. लिहिलेली उत्तरे मग शिक्षकाला दाखवा. "सर, महत्त्वाचं काय ते सांगा" असे विचारणाऱ्याला आम्ही पटकन वाटेला लावतो. पण "सर, हे उत्तर कुठं कमी पडतं?" असे विचारणाऱ्याला कोणताही शिक्षक परत पाठवणार नाही. अर्थात हे ओझे विद्यार्थ्यावरच टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. नवा अभ्यासक्रम आला की प्रत्येक शिक्षकाने निदान एक नमुना प्रश्नपत्रिका आपल्या वर्गाला द्यावी. घटक चाचणीही आराखड्याबरहुकूमच घ्यावी.

आणखी एक साधन आहे, ते फार थोडे वापरतात : स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी माहितीच्या अधिकाराखाली दिला. गुण वाढतील म्हणूनच ती मागायची असे नाही. आपण कुठे पाल्हाळ लावला, कोणता पोटप्रश्न विसरलो, कशाला गुण मिळाले, हे तिच्यात दिसते. दुसऱ्याच्या दहा प्रश्नपत्रिकांपेक्षा आपली एक उत्तरपत्रिका अधिक शिकवते.

जुन्या अभ्यासक्रमाचे किंवा इतर विद्यापीठांचे पेपर मिळाले तर पाहू नयेत काय? अवश्य पाहा, पण आपला अभ्यासक्रम हातात ठेवून. आपल्या ओळींशी जुळतील तेवढे प्रश्न घ्या, बाकीचे सोडा. "हमखास येणारे प्रश्न" म्हणून बाजारात जे विकले जाते त्यापासून मात्र जपून राहा. ज्या विषयाची परीक्षा एकदाही झाली नाही, त्यात हमखास काय येणार हे छापणाऱ्याला तरी कसे कळले? आणि आदल्या रात्री फोनवर फिरणारा "फुटलेला पेपर" तर हातीही धरू नका. खोटा असला तर रात्र वाया जाते आणि खरा असला तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ पासून कायदा आहे.

शेवटी पहिल्या तुकडीला एक काम सांगतो. परीक्षा देऊन बाहेर आलात की प्रश्नपत्रिका चुरगाळून टाकू नका. तिच्यावर वर्ष आणि सत्र लिहा, तिची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या आणि एक गावातल्या वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्याच गावातून कोणी मुलगी पहिल्यांदा एस. टी.त बसेल. तिने "सर, मागच्या वर्षीचा पेपर आहे का?" असे विचारले, तर तिला देण्यासारखे काहीतरी आमच्या हाती असावे. आणि त्याबरोबर तुमची स्वतः काढलेल्या प्रश्नांची वहीही तिला मिळाली, तर तिचे काम पुष्कळच हलके होईल.