संध्याकाळचे वेळापत्रक कोण ठरवते?



हंगाम म्हणजे काय, हे आमच्या तेलगाव भागातल्या माणसाला सांगायला नको. दसरा-दिवाळी उरकली, की साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडते. टोळ्या कोयते घेऊन दूरदूरच्या फडांवर निघतात आणि पट्टा पडेपर्यंत अर्धे गाव बाहेर असते. असाच एक हंगाम दूरचित्रवाणीचाही असतो. त्याची मोळी आपल्या घरात, रोज संध्याकाळी पडते. हा हंगाम कोण आखतो आणि कसा, ते आज पाहू.

अमेरिकेतली जुनी रीत अशी, की सप्टेंबरात नवे कार्यक्रम सुरू व्हायचे आणि मे महिन्यात त्यांची सांगता व्हायची. आठवड्याला एक भाग, वर्षाला वीस-बावीस भाग. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मालिकाही आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या पाहुण्यासारख्या असत. १९९९ साली अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आली. पुढे इतर वाहिन्या आल्या आणि पाहुणा रोजचा झाला. आठवड्याचे सहा दिवस मालिका चालली, तर वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. तिला ठरलेला शेवट नसतो. लोक पाहतात तोवर ती चालते.

आता लोक पाहतात हे कळते कसे? निवडक घरांतल्या संचाला एक मीटर जोडलेला असतो. घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक बटण नेमून दिलेले असते. पाहायला बसले की आपले बटण दाबायचे. २०१५ सालापासून 'बार्क' नावाची संस्था हे आकडे काढते. त्याआधीची मोजणी मुख्यतः शहरांपुरती होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खेड्यांतल्या घरांचे आकडेही येऊ लागले. शिताऱून भाताची परीक्षा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ज्या वेळेचा आकडा मोठा, त्या वेळेच्या जाहिरातीचा भाव मोठा. १९९४ च्या नियमांत जाहिरातींना ताशी १२ मिनिटांची मर्यादा घातली गेली. मिनिटे मोजकीच असली, म्हणजे ती महाग कशी विकली जातील हे पाहणे ओघानेच आले.

म्हणूनच संध्याकाळी सात ते साडेदहा ही वाहिनीची काळी कसदार जमीन. तिथे काय पेरायचे, याचे आडाखे असतात. आपण शिकाऊ गोऱ्हा तरबेज बैलाशेजारी जुंपतो की नाही? तसेच गाजलेल्या मालिकेच्या लगोलग नवी मालिका लावतात. पाहणारा उठत नाही, आणि नवीचेही बस्तान बसते. कधी दोन चांगल्या मालिकांच्या मध्ये एक दुबळी बसवतात. समोरच्या वाहिनीवर रडारड असली, की आपण हसवणारा कार्यक्रम लावायचा, हीही एक चाल. २००४ साली सुरू झालेला 'होम मिनिस्टर' संध्याकाळी लवकरच्या वेळेला असे. दिवेलागणीला एकदा संच चालू झाला, की तो सहसा बंद होत नाही, हे त्यामागचे गणित. आकडा घसरला, की मालिकेची वेळ बदलते. तरीही न सावरली, तर कथा घाईघाईने आटोपते.

यात कुणाचे कपट आहे, असे मी म्हणत नाही. हा व्यापार आहे. पण या हिशेबात कोण धरले जाते आणि कोण राहून जाते, एवढे आपण विचारावे. फडावरच्या कोपीत राहणारे कुटुंब असल्या मोजणीत कसे यावे? आणि त्याची मागे राहिलेली पोरे? कुणी आजीपाशी, कुणी हंगामी वसतिगृहात. सात ते साडेआठ हीच त्यांची अभ्यासाची वेळ. वाहिनीची कसदार जमीन आणि मुलाच्या अभ्यासाची जमीन, दोन्हींचा सातबारा एकच आहे, बरं का! एकाच खोलीचे घर असले, तर आजीची मालिका आणि नातवाचे पाढे एकाच वेळी कसे चालावेत?

यावर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक उपाय काढला. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद; मुले अभ्यासाला बसणार. साडेआठला पुन्हा भोंगा. यात सरकारी सक्ती नव्हती. गावाने आपणहून ठरवले होते.

शिक्षकबंधूंनो, प्रत्येक गावाने भोंगाच वाजवावा, असे नाही. पण पालकसभेत हा विषय अवश्य काढा. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, मोबाइलवरही तो मागाहून पाहता येतो. आजीचे काही बुडत नाही. मुलाची बुडालेली संध्याकाळ मात्र पुन्हा दाखवली जात नाही. वाहिन्यांनी आपले वेळापत्रक विचार करून आखले आहे. आपल्या घराचे वेळापत्रक आपण तेवढ्याच विचाराने आखले, म्हणजे झाले.