जिथे हवं तिथेच वाकणारं पातं

सर्फबोर्डच्या पोटाला, शेपटीच्या बाजूला, एक पातं बसवलेलं असतं. त्याला फिन म्हणतात. लाटेच्या उतारावर बोर्ड आडवा घसरू नये, वळताना त्याला पाण्यात पकड मिळावी, हे त्याचं काम. १९३५ साली टॉम ब्लेक यांनी वाइकीकीला एका स्पीडबोटचा जुना धातूचा कणा आपल्या बोर्डाखाली लावून पाहिला आणि तिथून फिन सुरू झाला. पुढच्या दोन-अडीच दशकांत तो लाकडाचा झाला, फायबरग्लासचा झाला, पण राहिला जाड, रुंद आणि ताठ.

दिवाळी अंकाच्या संपादकांना समुद्राशी जोडलेल्या एखाद्या हस्तोद्योगावर लेख हवा होता. होड्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. म्हणून मी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या एका छोट्या कारखान्यात गेलो. कारण वाकणाऱ्या फिनची गोष्ट याच किनाऱ्यावर सुरू होते.

जॉर्ज ग्रीनो इथेच वाढले. जन्म १९४१ चा. ते गुडघ्यांवर बसून लाट घेत, त्यामुळे पाण्याच्या फार जवळ असत आणि बोर्ड कुठे अडतो, कुठे सुटतो हे त्यांना अंगानेच कळे. ट्यूनाचा, म्हणजे आपल्या कुप्याचा, पर त्यांनी नमुना म्हणून धरला. बुडाशी रुंद, मागे झुकलेला, टोकाकडे निमुळता होत गेलेला. तसाच फिन त्यांनी काचतंतू आणि रेझिनमधून घडवला, बुडाशी जाड आणि टोकाशी इतका पातळ की बोटाने दाबला तर वाकावा. साठच्या दशकाच्या मध्यावर ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथल्या बॉब मॅकटाविश, नॅट यंग या सर्फरांशी त्यांचं जुळलं. १९६६ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत नॅट यंग जिंकले, ते 'मॅजिक सॅम' या नऊ फूट चार इंचांच्या बोर्डावर. त्याच्याखाली ग्रीनोंच्या धाटणीचा फिन होता. त्या काळी बोर्डाच्या नाकावर जाऊन उभं राहण्याला मोठा मान होता. यंग यांनी लाटेच्या पोटात शिरून जोरदार वळणं घेतली. पुढे बोर्ड आखूड होत गेले, त्या बदलात या स्पर्धेचं नाव हमखास येतं. या फिनचा वाटा त्या मानाने कमी सांगितला जातो, असं मला वाटतं.

इतिहास एवढाच पुरे, कारण कारखान्यात माझं लक्ष एका माणसाच्या हातांकडे लागून राहिलं. त्याचं काम फॉइलिंग, म्हणजे सपाट तुकड्याला तासून पात्याचा आकार देणं. आधी मेण लावलेल्या गुळगुळीत पृष्ठावर काचतंतूंच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवतात. चाळीस-पन्नास थर झाले की साधारण बोटभर जाडीची पाटी तयार होते. रेझिन घट्ट होताना तापतं, त्यामुळे घाई केली तर पाटी वाकते किंवा तडकते. मग साच्यावरून रेघ ओढून बाह्याकार कापतात आणि तुकडा ग्राइंडरवाल्याकडे येतो.

इथे जे दिसतं ते पाहण्यासारखं आहे. ग्राइंडर तिरका फिरू लागला की थर एकेक करून उघडे पडतात आणि पात्यावर वेलांट्यांसारख्या रेषा उमटतात. डोंगराच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात, तशाच. रेषा दाट तिथे उतार तीव्र, विरळ तिथे सौम्य. तो माणूस मोजपट्टी क्वचितच उचलतो. रेषांकडे बघतो, दिव्यासमोर पातं कलतं धरतो, पुन्हा घासतो. बोर्डाच्या मधोमध बसणारा फिन दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर असावा लागतो, म्हणून उजवीकडची प्रत्येक रेषा डावीकडच्या रेषेशी जुळली पाहिजे. एक रेषा जरा वर सरकली तर तो त्या जागी दोनदाच चकती टेकवतो, आणि रेषा खाली येते. थरांची ही मांडणीच त्याचं मोजमाप आहे. इतकं सुंदर मोजमाप मी दुसऱ्या कुठल्या कारागिरीत पाहिलेलं नाही.

एवढी दक्षता लागते, कारण पात्याचा ताठरपणा जाडीच्या घनानुसार बदलतो. जाडी निम्मी केली तर ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. जाडी नुसती १० टक्क्यांनी वाढली तरी ताठरपणा ३३ टक्क्यांनी वाढतो. चार मिलिमीटरच्या जागी ४.४ मिलिमीटर राहिले तर बोटाला फरक जेमतेम कळेल, पाण्यात मात्र तो निराळाच फिन असेल. म्हणून किती वाकतो यापेक्षा कुठून वाकायला लागतो हा प्रश्न मोठा. बूड ताठ हवं, नाहीतर बोर्ड लडबडतो. वरचा तिसरा हिस्सा मात्र सैल हवा.

तो सैल का हवा, याचं उत्तर वळणात आहे. बोर्ड कडेवर कलला की पाण्याचा दाब पात्याच्या एका बाजूवर येतो आणि टोक झुकतं. पातं मागे झुकलेलं असल्यामुळे टोक झुकताना थोडं पिळलंही जातं, पाण्याशी त्याचा कोन कमी होतो आणि टोकावरचा भार हलका होतो. ताठ पात्यावर त्याच कोनात प्रवाह फाटतो आणि पकड अचानक सुटते. लवचीक पातं ती वेळ लांबवतं. वळण संपताना दाब उतरतो, टोक जागेवर येतं आणि पायाखालून हलकी उसळी मिळाल्यासारखं वाटतं, असं सर्फर सांगतात. उसळीचा हिस्सा किती आणि पिळाचा किती, यावर एकमत नाही. माझा कल पिळाकडे आहे.

पीळ कापडातूनही साधता येतो. लांबीच्या दिशेने धावणारे धागे वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांत टाकलेले धागे पिळाला. कार्बनचे धागे नेहमीच्या काचेपेक्षा तिपटीने ताठ असतात, म्हणून बुडाशी दोन पट्ट्या टाकल्या तरी वाकण्याची जागा वर सरकते. हे सगळं कागदावर छान दिसतं.

प्रत्यक्षात अडचण पुनरावृत्तीची आहे. हाताने थर चढवताना एका पाटीत रेझिन जास्त जातं, दुसरीत कमी. दोन्हींवर रेषा तंतोतंत सारख्या आल्या तरी दोन्ही फिन सारखे वाकतीलच असं नाही. एकच मधला फिन असलेल्या बोर्डाला हे चालून जातं. पण सायमन अँडरसन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीन फिनचा बोर्ड रूढ केला, आणि तेव्हापासून बाजूंच्या दोन पात्यांनी जोडीने वागणं गरजेचं झालं. एक सैल आणि दुसरं ताठ असेल तर बोर्ड एका अंगाला ओढतो. बंद साच्यात रेझिन दाबून भरण्याची पद्धत आली, तिने जोड्या सारख्या निघू लागल्या. त्याची किंमत अशी की साचा एकदा कापला की जाडीचा उतार तिथेच गोठतो. एखाद्या जड माणसासाठी टोक जरा जाड ठेवायचं, तर नवा साचा हवा. ग्राइंडरवाला ते दोन मिनिटांत करतो.

स्वस्त बाजूला काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे फिन आहेत. गोव्यात आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर शिकाऊ बोर्डांना तर मऊ प्लास्टिकचेच असतात, आणि शिकणाऱ्याच्या पायांच्या दृष्टीने तेच बरं. तेही वाकतात, पण बुडापासून, एकसारखे. त्यावर शिकलेला माणूस लवचीक फिन म्हणजे ढिला फिन अशी समजूत करून घेतो, याचं मला वाईट वाटतं.

माझी काळजी ग्राइंडरवाल्याच्या नजरेत साठलेल्या ज्ञानाची आहे. काचेची धूळ अंगाला खाजते, फुफ्फुसांना नको असते, मास्क लावून दिवसभर वाकून उभं राहावं लागतं. अशा कामाला तरुण माणसं सहज वळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात त्रिमितीय छपाईने फिन बनवून ते सर्फरांकडून पाण्यात तपासले गेले आहेत. ते चांगलंच झालं, कारण छापताना आतली रचना हवी तशी बदलता येते. पण दुकानात आजही फिनवर 'मऊ', 'मध्यम', 'ताठ' एवढंच लिहिलेलं असतं, आणि एका कंपनीचा मध्यम दुसरीच्या मध्यमाशी जुळेलच याची खात्री नसते. बूड शिकंज्यात पकडून टोकाला ठरावीक वजन टांगायचं, टोक किती झुकलं आणि किती पिळलं हे दोन आकडे घ्यायचे आणि फिनच्या बुडावर छापायचे, इतकं साधं काम आहे. ते सर्वांनी एकाच पद्धतीने केलं, तर हाताने तासलेला फिनही साच्यातल्या फिनशेजारी उभा राहून आपला आकडा सांगू शकेल. आणि नव्याने ग्राइंडर धरणाऱ्याला, रेषा जुळल्या तरी आपण कुठे चुकलो, हे पाण्यात उतरण्याआधी कळेल.