परसातील कोंबड्यांसाठी योग्य मापाचे, कमी खर्चाचे खुराडे

वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या परसातील कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात. खुराडे हवे ते रात्रीच्या निवाऱ्यासाठी. त्यामुळे मोठ्या शेडचा खर्च अनावश्यक ठरतो. मात्र मोजमाप पिलांवरून नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांवरून करावे. प्रतिपक्षी १.५ चौरस फूट धरल्यास २० पक्ष्यांना ६ × ५ फुटांचे खुराडे पुरते. दाटी झाल्यास ओल व अमोनिया वाढून श्वसनाचे विकार बळावतात. सांगाडा बांबूचा आणि छप्पर गवताचे चालते. तळ जमिनीपासून दोन फूट उंच ठेवल्यास तो कोरडा राहतो. काटकसर जाळी व कडीत करू नये. अर्ध्या इंचाची मजबूत जाळी बसवावी. एका सैल दारामुळे मुंगूस वा रानमांजर एका रात्रीत वर्षभराचे उत्पन्न हिरावून नेऊ शकते.