तीनशे वस्तीचं विल्कॉक्स आणि त्याचे हाउंड्स

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रेजायना. तिच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर विल्कॉक्स नावाचं खेडं आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. नजर जाईल तिथवर सपाट शेतजमीन, आणि हिवाळा असा की पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला तरी कुणाला नवल वाटत नाही. या खेड्यातल्या ‘नॉत्र दाम हाउंड्स’ या संघानं १९८८ साली सेंटेनियल कप, म्हणजे ज्युनिअर ‘ए’ वर्गातलं आइस हॉकीचं राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं. प्रांताच्या ज्युनिअर लीगमधला त्यांचा तो पहिलाच हंगाम होता!

हा संघ मुळात एका शाळेचा. १९२० साली जोगिणींनी इथं शाळा काढली आणि १९२७ मध्ये अथॉल मरे हे टोरांटोत जन्मलेले कॅथलिक पाद्री विल्कॉक्सला आले. त्याआधी रेजायनात असताना चर्चमध्ये चोरी करणाऱ्या पोरांना पोलिसांकडे न देता त्यांनी त्यांचा क्रीडासंघच उभा केला, असं सांगतात. त्यातली काही मुलं त्यांच्यामागोमाग विल्कॉक्सला आली. पुढं महामंदी आणि दुष्काळानं प्रेअरीचं कंबरडं मोडलं. फीचे पैसे नसतील तर मरे धान्य, मांस, कोळसा, जे मिळेल ते घेत. मुलं लाकडी खोपट्यांत राहत आणि हॉकीइतकाच ग्रीक तत्त्वज्ञांचाही अभ्यास करत. १४९३ सालच्या ‘न्यूरेंबर्ग क्रॉनिकल’ची प्रत शाळेच्या संग्रहात आहे. असा ग्रंथ या माळरानावर असणं मला तरी कुठल्याही करंडकाइतकंच थक्क करणारं वाटतं.

पहिले मोठे खेळाडू मात्र अस्सल विल्कॉक्सचेच होते. निक आणि डॉन मेट्झ हे दोघे भाऊ टोरांटो मेपल लीफ्सकडून खेळले. एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगचं अजिंक्यपद म्हणजे स्टॅन्ली कप. त्याच्या १९४२ च्या अंतिम मालिकेत टोरांटोविरुद्ध डेट्रॉइटनं पहिले तिन्ही सामने जिंकले होते. चौथ्या सामन्यासाठी प्रशिक्षकांनी नावाजलेल्या खेळाडूंना बसवून डॉनला संघात घेतलं. टोरांटोनं तो सामना काढला. पाचव्यात डॉननं एकट्यानं तीन गोल केले. पुढचे दोन्ही सामनेही जिंकून टोरांटोनं कप उचलला. ०-३ अशा पिछाडीवरून स्टॅन्ली कपची अंतिम मालिका जिंकणं त्यानंतर आजवर एकाही संघाला साधलेलं नाही.

नंतरची नामावळ थोडी जपून वाचावी लागते. १९८५ साली नव्या खेळाडूंच्या एनएचएल निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेलेला वेंडेल क्लार्क याच प्रांतातल्या केल्विंग्टनचा. व्हिन्सेंट लकॅव्हलिये क्वेबेकचा, ब्रॅड रिचर्ड्स प्रिन्स एडवर्ड बेटाचा. विल्कॉक्समध्ये एका खोलीत राहिलेल्या या दोघांनी २००४ साली टॅम्पा बेकडून स्टॅन्ली कप जिंकला. तेव्हा खेड्यानं खेळाडू ‘घडवले’ हे खरं, ‘जन्माला घातले’ हे नव्हे. एरवी ज्युनिअर खेळाडू गावातल्या यजमान कुटुंबांकडे राहतात. इथं शाळेचं वसतिगृह होतं, त्यामुळे गाव केवढंही असलं तरी मुलांची वाण पडली नाही.

१९८८ च्या विजेत्या संघात गोलरक्षक कर्टिस जोसेफ आणि रॉड ब्रिंदामूर होते. त्या काळी वरच्या ‘मेजर ज्युनिअर’ लीगमध्ये खेळलेल्यांना अमेरिकन विद्यापीठांच्या संघांची दारं बंद होत, ज्युनिअर ‘ए’वाल्यांना ती उघडी राहत. जोसेफ विस्कॉन्सिनला गेला, ब्रिंदामूर मिशिगन स्टेटला. पुढं जोसेफनं एनएचएलमध्ये ४५४ सामने जिंकले. ब्रिंदामूरच्या कप्तानीखाली कॅरोलायनानं २००६ चा स्टॅन्ली कप मिळवला.

मरे हे काही सर्वांचे लाडके नव्हते. १९६२ साली सस्कॅचेवान सरकारनं सार्वजनिक आरोग्य विमा आणला, तेव्हा त्याच्या विरोधात त्यांनी जहाल भाषणं केली होती. १९७५ मध्ये ते वारले. १९८० साली त्यांच्यावर ‘द हाउंड्स ऑफ नॉत्र दाम’ हा चित्रपट निघाला आणि मरेंची भूमिका करणाऱ्या थॉमस पीकॉक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा जिनी पुरस्कार मिळाला. हॉकी हॉल ऑफ फेमनं मरे यांना १९९८ मध्ये स्थान दिलं. त्याच वर्षीच्या एनएचएल निवडीत पहिलं नाव पुकारलं गेलं ते लकॅव्हलियेचं.