पाठीवरचा हात

कमरेत उसण भरली की माणसाला आपले हितचिंतक किती आहेत ते कळतं. मला ते सहा वर्षांपूर्वी कळलं. एका कविसंमेलनाहून रात्रभर एस.टी.नं प्रवास करून आलो, स्टँडवर पुस्तकांची पिशवी उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, गरम विटेनं शेका. पानपट्टीवाला म्हणाला, एखाद्या पायाळू माणसाचा पाय फिरवून घ्या. एका कवीमित्रानं स्वतःचा कमरेचा पट्टा आणून दिला. गादी सरकली असेल, मणक्यात गॅप आला असेल, नस दबली असेल, अशी निदानं तर चहाबरोबर फुकट मिळत होती. त्यातच अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याचा फोन आला. "चाचा, इकडे माझीही पाठ धरते. मी कायरोप्रॅक्टरकडे जातो. कटकन आवाज येतो आणि माणूस सरळ! तुमच्याकडे कुणी मिळतो का बघा ना."

मला दुखण्यापेक्षा जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. त्या जुम्म्याला मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढावी लागली. कपाळ जमिनीला टेकेना. आमच्या घरात खुर्चीवरच्या नमाजची एक जुनी आठवण आहे आणि ती चांगली नाही. ती पुढे सांगतो. आधी हा कायरोप्रॅक्टर कोण ते पाहू, कारण आता आपल्या मोठ्या शहरांतही या नावाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत.

शब्द ग्रीक मुळांवरून घडवलेला आहे. 'कायर' म्हणजे हात आणि 'प्रॅक्सिस' म्हणजे कृती. हातानं केलेलं काम, एवढाच त्याचा अर्थ. या उपचाराचं जन्मगाव अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं, मिसिसिपी नदीच्या काठावरचं डेव्हनपोर्ट. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. मूळचे कॅनडाचे. त्याआधी त्यांनी शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा मालही विकला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी आपल्याच इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना तपासलं. लिलार्ड यांना अनेक वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी कट्‌ झालं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्यांचं म्हणणं. पामर यांनी पाठीचा एक मणका दाबून झटका दिला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा.

आज शरीरशास्त्राचं साधं पुस्तक उघडलं तरी अडचण लक्षात येते. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीतून जातच नाही. पण पामर यांनी त्या घटनेवरून सिद्धान्त मांडला की, मणके जागचे हलतात, नसांवर दाब येतो आणि जवळजवळ सगळे आजार त्यातूनच होतात. १८९७ मध्ये त्यांनी डेव्हनपोर्टला शाळा काढली. ती संस्था कॉलेजच्या रूपात आजही आहे. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर यांना दंड झाला. तो भरायचं नाकारून ते तुरुंगात गेले. १९१३ मध्ये कॅन्सस राज्यानं या व्यवसायाला परवाना देणारा कायदा केला आणि १९७४ मध्ये लुइझियाना हे शेवटचं राज्यही त्यात आलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं यांच्यावर दीर्घकाळ बहिष्कार टाकला होता. तो बेकायदेशीर ठरवणारा निकाल १९८७ मध्ये न्यायालयानं दिला. आज तिथला कायरोप्रॅक्टर साधारण चार वर्षांचं खास शिक्षण आणि परीक्षा या वाटेनं येतो. त्यांच्यातले बरेच जण सगळ्या रोगांचा जुना दावा बाजूला ठेवून पाठ, मान आणि सांधे यांपुरतंच काम करतात. सगळेच नव्हेत, हेही खरं.

आता तो प्रसिद्ध 'कट्‌' आवाज. आपल्याला वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं. तसं नसतं. साध्या पाठदुखीत मणका जागचा निघालेला नसतोच. सांध्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यानं ताणला की आतला दाब एकदम उतरतो, तिथे वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडतानाचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना पाहिली. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, थोडा वेळ थांबावं लागतं. बोटं मोडली की संधिवात होतो, असं आमची अम्मी म्हणायची. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनाही त्यांच्या घरी हेच ऐकावं लागलं होतं. त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तुलनेला ठेवला. दोन्ही हातांत काही फरक पडला नाही. या चिकाटीबद्दल २००९ मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठीचं 'इग्नोबेल' पारितोषिक मिळालं. सांगायचं ते एवढंच की, आवाज आला म्हणजे गुण आला असं नाही, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही.

मग गुण येतो की नाही? येतो, पण बेताचा. हातानं दिलेल्या झटक्यामुळे ताठरलेले स्नायू काही काळ सैल पडतात, वेदनेची जाणीव कमी होते आणि माणूस हलायला धजावतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या महाविद्यालयानं सल्ला दिला की, नव्या कंबरदुखीत गोळ्यांआधी शेक, मालिश, अॅक्युपंक्चर किंवा मणक्यांची हाताळणी यांचा विचार करावा. त्याच सल्ल्यात आणखी एक वाक्य आहे, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेकांची नवी कंबरदुखी कोणताही उपचार केला तरी काळानुसार कमी होते.

आपल्या पायाळू माणसाचं रहस्य इथेच आहे. उसण बरीच दुखली की आपण कुणाकडे तरी जातो. दुखणं शिगेला पोचल्यावर उतरणारच असतं. त्या सुमाराला ज्याचा हात किंवा पाय पाठीला लागला, त्याच्या नावावर गुण जमा होतो. मराठीत याला 'हातगुण' म्हणतात आणि आमच्याकडे 'हाथ में शिफा'. हात खोटा नसतो, पण पुष्कळदा श्रेयाचा मोठा वाटा दिवसांचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० मध्ये जगातल्या ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. दुखण्याची नीट माहिती देणं, व्यायाम आणि काही हाताचे उपचार यांना त्यात जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ताण देणं मात्र नेहमीचा उपचार म्हणून सुचवलेलं नाही. आपल्याकडे तर घराघरांत खुंटीला एक पट्टा लटकलेला असतो!

मानेची गोष्ट वेगळी. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. मान झटक्यानं पिळली तर क्वचित या वाहिनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे फार विरळ आहे, पण झालं तर आयुष्य बदलतं. आपण मात्र सलूनमध्ये चंपीनंतर मान बिनधास्त न्हाव्याच्या हातात देतो आणि तो डावीकडे एक, उजवीकडे एक अशी ती मोडतो. मी ते बंद केलं आहे. "मान नको, डोकंच चोळा," एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

आता ती जुनी आठवण. साल १९८८. आम्ही इचलकरंजीत राहत होतो. अब्बा यंत्रमागावर कामाला होते, बारा तासांची पाळी आणि सगळं काम उभ्यानं. आमचे मामू तालमीतले पैलवान. निखळलेला खांदा बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पैसे घेत नसत, फार तर नारळ. अब्बांची पाठ दुखायला लागली तेव्हा मामूंशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायचं सुचलंच नाही. मामू रोज संध्याकाळी यायचे, खोबरेल कोमट करून पाठ चोळायचे, कधी दाबून झटका द्यायचे. चार महिने हे चाललं. अब्बा रात्री झोपेतून कण्हत उठत. संध्याकाळी अंग कोमट लागे. विजारीची नाडी जास्त ओढून बांधावी लागे. आम्ही सगळा दोष मागाला दिला. मग एक दिवस चालताना अब्बांची चप्पल पायातून निसटली आणि त्यांना ते कळलंच नाही.

मामूंनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये दोन मणके उंदरानं कुरतडल्यासारखे दिसत होते. हाडाचा टीबी. डॉक्टरांनी मामूंना एवढंच विचारलं, "ताप किती दिवसांपासून होता?" मामूंना उत्तर देता आलं नाही, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. आम्हीही सांगितलं नव्हतं. दीड वर्ष गोळ्या चालल्या. अब्बा वाचले, हिंडूफिरू लागले, पण पाठीला पोक राहिलं आणि माग सुटला तो सुटलाच. पुढे हयात असेपर्यंत त्यांनी खुर्चीवर बसूनच नमाज पढली. त्या जुम्म्याला खुर्चीवर बसताना माझ्या मनात काय आलं असेल, ते आता तुमच्या लक्षात येईल.

म्हणून पाठ कुणाच्याही हातात देण्याआधी ही लक्षणं पाहा. ताप किंवा कारणाशिवाय घटणारं वजन. विश्रांती घेतली तरी न थांबणारं, रात्री उठवणारं दुखणं. पायात वाढत जाणारी कमजोरी. जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं. यात तर एक दिवसही थांबू नये, तडक मोठा दवाखाना गाठावा. पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, आधी कर्करोग झालेला असणं, हाडं ठिसूळ असणं किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असणं. यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आणि यातलं काही नसलं, तर? तर हाताच्या उपचाराला हरकत नाही, पण चार प्रश्न विचारावेत. शिक्षण कुठे आणि किती वर्षं झालं? जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सुचवले होते, त्यातले १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. शनिवार-रविवारच्या वर्गात ते भरत नाहीत. आपल्या देशात डॉक्टरांसारखी कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी कायदेशीर नोंदणी परिषद नाही, त्यामुळे चौकशी आपणच करायची. फिजिओथेरपिस्टांचा मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात समावेश आहे आणि हाताळणीचं तंत्र त्यांच्यातही अनेकांना येतं. दुसरा प्रश्न, मानेला झटका न देता उपचार कराल का? तिसरा, किती वेळा यावं लागेल आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचं? तीस बैठकांचे पैसे आधी मागितले तर घरी परतावं. चौथा, घरी करायला व्यायाम कोणते? दमा, मधुमेह, बहिरेपणही बरं करतो असं कुणी म्हणाला, तर त्याला १८९५ सालातच सोडून यावं.

मी गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. माझ्या लेकीच्या वयाच्या. पाठीला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "काका, रात्री ताप येतो का? वजन कमी झालंय का? पाय जड वाटतात का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, फार दुखतंय.

कारण अब्बांच्या आजारानंतर मामूंनी हेच केलं होतं. हाडं बसवणं त्यांनी सोडलं नाही, पण पाठीचं दुखणं घेऊन कुणी आलं की तेलाची बाटली उघडण्याआधी हेच तीन प्रश्न विचारायचे. एकाचंही उत्तर 'हो' आलं की म्हणायचे, "ये मेरे हाथ का काम नइ. पैले फोटू निकाल के आ."

बाईंनी मला पडून राहू नका, चाला, असं सांगितलं. चार-पाच वेळा हातानं पाठ मोकळी केली, तीन व्यायाम शिकवले. तिसऱ्या आठवड्यात माझं कपाळ जमिनीला टेकलं. गुण त्यांच्या हाताचा, व्यायामाचा की दिवसांचा, ते मला सांगता येणार नाही. पुतण्याला मात्र मी फोन करून सांगितलं, "खुशाल जा तुझ्या कायरोप्रॅक्टरकडे. फक्त तो आधी विचारतो काय, तेवढं बघ. न विचारता हात लावणारा असेल तर उठून ये."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)