साखळी करवतीची निवड : शक्ती आणि वजन यांचा मेळ

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील बागांत आंबा, नारळ व सुपारी यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. आडव्या पडलेल्या खोडांमुळे बागेत शिरणेही दुरापास्त झाले, तेव्हा कुऱ्हाड व हातकरवत यांची मर्यादा प्रकर्षाने जाणवली. पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, अशा प्रसंगी फार उपयोगी पडते. जुन्या आमराईचे पुनरुज्जीवन, वठलेली झाडे काढणे व जळाऊ लाकडाचे ओंडके पाडणे ही कामेही तिच्या साहाय्याने लवकर उरकतात. तथापि करवत खरेदी करताना केवळ ‘किती सीसीची?’ एवढेच विचारून भागत नाही. शक्ती आणि वजन या दोहोंचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

शक्ती कशी ओळखावी?

सीसी हे इंजिनाच्या सिलिंडरचे घनफळ होय. ती शक्ती नव्हे. शक्ती किलोवॅट किंवा अश्वशक्ती या परिमाणात दिलेली असते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, अर्थात पाऊण किलोवॅट. बाजारात ५८ सीसीच्या काही करवतींवर २.२ ते २.५ किलोवॅट शक्ती नोंदलेली आढळते, तर ५० सीसीच्या काही चांगल्या करवती ३ किलोवॅट शक्ती देतात. सबब सीसीचा आकडा मोठा म्हणून यंत्र जोरकस, असे समजू नये. विजेवर चालणाऱ्या करवतीवरील वॅटचा आकडा बहुधा ती किती वीज घेते हे दाखवितो. त्याची पेट्रोल करवतीच्या आकड्याशी सरळ तुलना करणे योग्य ठरत नाही.

वजन कसे वाचावे?

माहितीपत्रकातील वजन पुष्कळदा पट्टी, साखळी, पेट्रोल व तेल वगळून दिलेले असते. उदाहरणार्थ, ४.६ किलोच्या करवतीस १८ इंची पट्टी व साखळी चढविली म्हणजे एक किलोहून अधिक वजन वाढते. अर्धा लिटर पेट्रोल व पाव लिटर तेल यांचे मिळून आणखी अर्ध्या किलोहून थोडे अधिक होते. याप्रमाणे प्रत्यक्ष हातात सहा किलोंहून अधिक भार येतो. विक्रेत्याकडे टाक्या भरलेली व पट्टी चढविलेली करवत काही वेळ हातात धरून पाहावी, हे उत्तम.

तुलना

निरनिराळ्या आकारांच्या चांगल्या करवतींचे ढोबळ आकडे पुढीलप्रमाणे आहेत. वजन पट्टी, साखळी व इंधन वगळून दिले आहे.

३० सीसी : शक्ती १.३ किलोवॅट, वजन ३.९ किलो.
४५ सीसी : शक्ती २.३ किलोवॅट, वजन ४.६ किलो.
७२ सीसी : शक्ती ३.९ किलोवॅट, वजन ६.२ किलो.
९१ सीसी : शक्ती ५.४ किलोवॅट, वजन ७.४ किलो.

वजनास शक्तीने भागल्यास पहिल्या करवतीत दर किलोवॅटमागे ३ किलो, दुसरीत २ किलो, तिसरीत सुमारे १.६ किलो व चौथीत सुमारे १.४ किलो वजन पडते. या हिशेबाने सर्वांत मोठी करवतच सरस ठरते. परंतु हा हिशेब अपुरा आहे. काम करणाऱ्यास भागाकार नव्हे, तर संपूर्ण वजन दिवसभर उचलावे लागते. हात थकले की पकड ढिली होते व पट्टीचे टोक नको तेथे टेकते. टोकाचा वरचा भाग लाकडास लागताच करवत क्षणार्धात चालविणाऱ्याच्या अंगावर उसळते. या उसळीमुळे चेहरा, मान व खांदा यांना गंभीर इजा होते. म्हणून जेवढी शक्ती कामास खरोखर लागते तेवढीच घ्यावी आणि तेवढ्या शक्तीत जी करवत सर्वांत हलकी असेल ती निवडावी.

कामानुसार निवड

फांद्या छाटणे व जळण तोडणे यांसाठी ३० ते ३५ सीसीची, १२ ते १४ इंची पट्टीची करवत पुरेशी आहे. बागेतील मध्यम खोडांसाठी ४५ ते ५० सीसी व १६ ते १८ इंची पट्टी योग्य होय. जुन्या आंब्याच्या वा चिंचेच्या जाड खोडास ७० सीसीची करवत लागते. पण असे काम वर्षातून क्वचितच निघते. ती गावातील अवजार बँकेतून भाड्याने मिळत असल्यास घ्यावी, अथवा चार शेतकऱ्यांनी मिळून घ्यावी. लहान इंजिनास लांब पट्टी लावू नये. तसे केल्यास साखळीचा वेग मंदावतो, इंजिन तापते व क्लच लवकर झिजतो.

शक्ती कमी पडते असे वाटल्यास प्रथम साखळी पाहावी. धारदार साखळीतून जाड चिपा पडतात. बोथट साखळीतून बारीक भुसा पडतो व करवत दाबून धरावी लागते. अशा वेळी नवे यंत्र नको, कानस हवी.

घ्यावयाची दक्षता

करवत नेहमी दोन्ही हातांनी धरावी; खांद्याच्या वर नेऊ नये. शिडीवर उभे राहून ती चालवू नये. उंचावरील फांद्या हातकरवतीने किंवा या कामात प्रशिक्षित माणसाकडून काढाव्यात. डोळे, कान व पाय यांच्या संरक्षणाची साधने वापरावीत. साखळी अडकल्यास इंजिन बंद करूनच ती सोडवावी. आंबा, फणस, चिंच, साग इत्यादी झाडे महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडविषयक अधिनियमाखाली येत असल्याने ती तोडण्यापूर्वी रीतसर परवानगी घेणे आवश्यक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावात कोणाकडे कोणती करवत आहे व ती चालविणारे कोण आहेत, याची यादी करून ठेवावी. वादळानंतर रस्ते व बागा मोकळ्या करताना ही यादी बहुमोल ठरेल.